आधी लॉग काढा

"मेल जाईना झालाय बघा." सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या ऑफिसांमधून मला येणारे फोन बहुतेक वेळा याच वाक्याने सुरू होतात. वाक्य खरं असतं, पण त्यातून कळत काहीच नाही. पासवर्ड बदललेला असतो, सर्व्हरवरची जागा भरलेली असते, अटॅचमेंट मोठी असते, अँटिव्हायरस मध्ये आलेला असतो, संगणकाचं घड्याळ चुकलेलं असतं, किंवा पत्त्यातलं एक अक्षर इकडचं तिकडे झालेलं असतं. कारण कुठलंही असो, सांगणाऱ्याचं वाक्य तेच. "स्क्रीनवर काय आलं होतं?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "आलं होतं काहीतरी इंग्रजीत. मी ओके केलं."

यात त्यांचा दोष नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात सौदे चालू आहेत, दारात हळदीच्या पोत्यांची थप्पी लागते आहे, अशा वेळी दिवाणजींनी ती चौकट वाचत बसावं ही अपेक्षाच चुकीची आहे. शिवाय ती चौकट अर्धंच सांगते. सर्व्हरशी संपर्क झाला नाही, सेटिंग तपासा, नाहीतर नेटवर्क बघणाऱ्या माणसाशी बोला. चार जणांच्या ऑफिसात नेटवर्क बघणारा वेगळा माणूस नसतोच.

अशा वेळी काय करायचं याचा आमच्या धंद्यात एक क्रम पडून गेला आहे. पासवर्ड पुन्हा टाकून बघायचा. नाही झालं तर अकाउंट काढून नव्याने घालायचं. तरी नाही, तर सॉफ्टवेअर काढून परत टाकायचं. आणि शेवटी, "विंडोज खराब झालंय, फॉरमॅट मारावं लागेल." हे सगळं अंदाजपंचे चालतं. कधी कधी मेल सुरूही होतो. पण तो का बंद पडला होता आणि कशामुळे सुरू झाला, हे ना ग्राहकाला कळतं ना दुरुस्त करणाऱ्याला, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तोच फोन येतो. जिथे पीओपी पद्धतीने मेल उतरवतात तिथे या खटपटीत वर्षांचा पत्रव्यवहार जाऊ शकतो, कारण त्या मेलची एकुलती एक प्रत त्याच संगणकातल्या प्रोफाइल फोल्डरमध्ये असते. अकाउंट काढताना सॉफ्टवेअर विचारतं, मेलचा डेटाही काढू का? घाईत असलेला माणूस खूण करतो आणि ओके दाबतो.

म्हणून माझा एक आग्रह आहे आणि माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलांनाही मी तो सारखा सांगतो. लॉग काढल्याशिवाय एकाही सेटिंगला हात लावायचा नाही.

मेल पाठवताना किंवा उतरवताना आपलं सॉफ्टवेअर आणि पलीकडचा सर्व्हर यांच्यात बोलणं होतं. एक विचारतो, दुसरा उत्तर देतो. हे सगळं ओळीला ओळ लावून, वेळेनिशी एका फाइलमध्ये उतरवून घेणं म्हणजे लॉग. अडत दुकानात मी एवढंच सांगतो की ही मेलची रोजकीर्द आहे, आणि तिथल्या माणसांना पुढचं काही समजवावं लागत नाही. अडचण एवढीच, की ही नोंद आपोआप होत नाही. ती चालू करावी लागते.

हे बोलणं साध्या अक्षरांत आहे आणि तुम्हीआम्ही ते वाचू शकतो, याचं मोल मला फार वाटतं. मेल पाठवण्याचे एसएमटीपीचे नियम जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या दस्तऐवजात मांडले. त्यात सर्व्हरने द्यायच्या प्रत्येक उत्तराला तीन अंकी आकडा नेमून दिला आणि पुढे माणसाला वाचता येईल असं वाक्य लिहायला जागा ठेवली. पहिला अंक २ असेल तर काम झालं. ३ असेल तर पुढचं बोला. ४ म्हणजे आत्ता जमत नाही, नंतर या. ५ म्हणजे नाही, असंच पाठवलंत तर पुन्हाही नाहीच. चाळीस वर्षं उलटून गेली, त्यावर सुरक्षेचे थर चढले, तरी हे आकडे तेच आहेत. सातवीच्या मुलालाही हे एवढं शिकवता येतं. वाटेत आता मेल कुलूपबंद जातो, मधल्या कोणाला तो वाचता येत नाही. पण लॉग सॉफ्टवेअरच्या आतून, कुलूप लागायच्या आधी आणि उघडल्यानंतर उतरवला जातो, म्हणून आपल्याला तो सरळ दिसतो.

थंडरबर्ड या मेलच्या सॉफ्टवेअरमध्ये लॉग लावायला पाच मिनिटं पुरतात. थंडरबर्डची १.० ही आवृत्ती डिसेंबर २००४ मध्ये आली. ते फुकट असल्यामुळे आमच्याकडच्या लहान ऑफिसांत बऱ्यापैकी रुजलेलं आहे. नोटपॅड उघडायचं. पहिल्या ओळीत 'सेट' लिहून मॉझ-लॉग या नावापुढे काय नोंदवायचं ते द्यायचं: मेल उतरवायची पद्धत, म्हणजे आयमॅप किंवा पीओपी-थ्री, मग कोलन, मग १ ते ५ यांपैकी तपशिलाची पातळी, आणि स्वल्पविराम देऊन 'टाइमस्टॅम्प' हा शब्द. १ ठेवला तर फक्त चुका उतरतात, ५ ठेवला तर सगळंच. मी बहुधा ४ वर ठेवतो. दुसऱ्या ओळीत मॉझ-लॉग-फाइल या नावापुढे फाइल कुठे ठेवायची तो पत्ता. तिसऱ्या ओळीत थंडरबर्ड सुरू करायची आज्ञा. ही फाइल 'बॅट' या प्रकारात सेव्ह करायची, डेस्कटॉपवर ठेवायची आणि तिला 'मेल इथून उघडा' असं सरळ मराठी नाव द्यायचं. ऑफिसातल्या माणसांना मग काही वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही.

दोन ठिकाणी नवी मुलं अडतात. एक म्हणजे थंडरबर्डची खिडकी बंद दिसते, पण आत ते चालूच असतं. तशात बॅट फाइल उघडली तर जुनंच थंडरबर्ड पुढे येतं आणि लॉगमध्ये काही उतरत नाही. टास्क मॅनेजरमध्ये जाऊन ते खरंच बंद आहे ना, एवढं बघायचं. दुसरी गोष्ट वेळेची. लॉगमधली वेळ यूटीसी असते, म्हणजे आपल्या घड्याळापेक्षा साडेपाच तास मागे. दुपारी साडेबाराला मेल अडकला आणि लॉगमध्ये त्या वेळेची ओळ शोधत बसलं तर ती सापडत नाही, कारण तिच्यापुढे सात लिहिलेलं असतं. नव्या आवृत्त्यांमध्ये मेल पाठवण्याचा आणि पीओपीने उतरवण्याचा भाग नव्याने लिहिलेला आहे, त्यामुळे त्यांची नोंद या फाइलमध्ये येत नाही. त्यासाठी कॉन्फिग एडिटरमध्ये एसएमटीपीच्या किंवा पीओपी-थ्रीच्या लॉगलेव्हलपुढे 'ऑल' लिहावं लागतं आणि ती नोंद एरर कन्सोलमध्ये बघावी लागते.

आउटलुकमध्ये फाइल, ऑप्शन्स, अॅडव्हान्स्ड असं खाली गेलं की ट्रबलशूटिंग लॉगिंगची खूण आहे. ती करून आउटलुक बंद करून पुन्हा उघडायचं. नोंदी टेम्प फोल्डरमध्ये जाऊन पडतात. जुन्या आवृत्त्यांमध्ये त्या नोटपॅडमध्ये वाचता यायच्या, नव्यांमधल्या बऱ्याचशा तशा वाचता येत नाहीत. तरीही त्या काढून ठेवाव्यात, पुढे कोणाला विचारायची वेळ आली तर त्याच मागितल्या जातात.

आता कामावरचं सांगतो.

सातारा एमआयडीसीत एक लहान कारखाना आहे. सुटे भाग बनवून पुण्याकडच्या मोठ्या कंपन्यांना देतात. तिथे साधे मेल जात होते, पण ड्रॉइंग किंवा तपासणीचा अहवाल जोडला की मेल आउटबॉक्समध्ये बसून राहायचा. मालक रोज संध्याकाळी फोन लावायचे. ब्रॉडबँडवाले म्हणायचे लाइन ठणठणीत आहे, स्पीड पूर्ण मिळतोय. मेल सेवा देणारे म्हणायचे सर्व्हर चालू आहे, तुमचं नेट बघा. अँटिव्हायरसवाल्यांनीही आमचा संबंध नाही म्हणून सांगितलं. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवत होता आणि माल तयार असून कागद पोचत नाहीत म्हणून गाडी थांबून राहायची.

लॉग लावला आणि अडकणारा मेल पुन्हा पाठवला. सर्व्हरने २२० म्हणून स्वागत केलं. ओळख झाली, २५०. पासवर्ड मान्य झाला, २३५. पाठवणाऱ्याचा पत्ता मान्य, २५०. घेणाऱ्याचा पत्ता मान्य, २५०. मग आपल्या बाजूने 'डेटा' आणि पलीकडून ३५४, म्हणजे पाठवा, मी घ्यायला तयार आहे. त्यापुढे काहीच नाही. पुढची ओळ थेट संपर्क तुटल्याची, मध्ये नुसती वेळ गेलेली.

एवढ्यावरून बऱ्याच गोष्टी बाजूला झाल्या. पासवर्ड बरोबर होता, पत्ता बरोबर होता, सर्व्हर नाही म्हणत नव्हता. तो वाट बघत होता. आपल्याकडून निघालेला मोठा मजकूरच त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून तोच मेल पाठवला, लगेच गेला. म्हणजे खोट कारखान्याच्या लाइनमध्ये किंवा राउटरमध्ये, आणि ती फक्त भरलेल्या पॅकेटपुरती. पीपीपीओई पद्धतीच्या ब्रॉडबँडमध्ये प्रत्येक पॅकेटमधले आठ बाइट त्या पद्धतीच्याच कामाला जातात, म्हणून १५०० च्या जागी १४९२ चीच मोकळीक राहते. नवा राउटर १५०० धरून चालला होता, आणि मोठं पॅकेट अडलं तर तसा निरोप परत यायला हवा, तो वाटेत कुठेतरी रोखला जात होता. पिंगची आज्ञा तुकडे न करण्याच्या अटीवर चालवून बघितली. १४७२ ला उत्तर नाही, १४६४ ला आलं. त्यात शीर्षकाचे २८ मिळवले की बरोबर १४९२. राउटरमध्ये तो आकडा भरला आणि ड्रॉइंगचे मेल जायला लागले.

मला या प्रकरणात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या तिघांपैकी खोटं कोणीच बोलत नव्हतं. लाइन चालू होती, सर्व्हरही चालू होता. नेमकी कुठे अडते आहे हे दाखवणारी ओळ कोणाच्याच हातात नव्हती. ती मिळाल्यावर ब्रॉडबँडच्या इंजिनिअरशी माझं बोलणं दोन मिनिटांत झालं, कारण आता मी "नेट स्लो आहे" असं म्हणत नव्हतो, ३५४ नंतर काय होतं ते सांगत होतो. उंटावरून शेळ्या हाकाव्या लागतात अशा कामात, म्हणजे मी साताऱ्यात आणि संगणक आष्ट्याला किंवा मिरजेला, तर याची किंमत आणखीच कळते. लॉगच्या शेवटच्या वीस ओळींचा फोटो मोबाइलवर आला तरी माझं निम्मं काम होतं.

दुसरं प्रकरण द्राक्षांचं. ते मी कोणालाही आधी सांगतो, कारण त्यात एका मुलीची नोकरी पणाला लागली होती.

सांगलीत ऑफिस आणि तासगावच्या बाजूला पॅकहाउस, असा एका निर्यातदाराचा व्यवसाय. जानेवारी ते एप्रिल हा त्यांचा हंगाम. युरोपात माल जायचा तर रेसिड्यूच्या तपासणीचा अहवाल, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, कंटेनरचा नंबर, न्हावाशेवाच्या एजंटचे कागद, सगळं मेलवर. पनेट, म्हणजे द्राक्षांचे लहान डबे, अर्ध्या किलोचे भरायचे की वेगळे, लेबलवर काय छापायचं, हेही खरेदीदार मेलवरच कळवतो. त्या हंगामात काही मेल ऑफिसला येतच नव्हते. सगळे नाही, काही. खरेदीदाराने पाठवल्याची तारीख दाखवली. लेबलमधला बदल कळवलेला मेल सापडला नाही, माल जुन्या लेबलने भरला गेला आणि पुन्हा उघडून भरावा लागला. हंगामात पॅकहाउसमधल्या बायकांचा एक दिवस फुकट जाणं म्हणजे काय, हे त्या भागातल्या माणसाला सांगायला नको.

संशय गेला मेल बघणाऱ्या मुलीवर. बी.कॉम. झालेली, कवठेमहांकाळच्या बाजूची, एसटीने रोज जाऊन-येऊन करणारी. शेठनी मला बोलावलं ते दुरुस्तीसाठी नव्हतंच. "तिनंच उडवलेत का तेवढं बघून सांगा," असं त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितलं. मी पेठ नाक्याला हायवे सोडून सांगलीत पोचलो तेव्हा ती खुर्चीतून उठून बाजूला उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "दादा, मी का उडवीन हो?"

थंडरबर्ड पीओपीवर होतं. लॉग लावला आणि तसाच चालू ठेवून दिला. थोड्या थोड्या वेळाने सॉफ्टवेअर सर्व्हरला विचारत होतं आणि सर्व्हर प्रत्येक वेळी उत्तर देत होता: ओके, शून्य, शून्य. पहिलं शून्य मेलची संख्या, दुसरं त्यांचा एकूण आकार. पेटी रिकामी. मी माझ्या मोबाइलमधून त्याच पत्त्यावर एक चाचणीचा मेल पाठवला, तो दिवसा नीट आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडल्यावर मात्र, रात्री खरेदीदाराने पाठवलेला मेल असायला हवा तिथे पुन्हा शून्य. म्हणजे तिच्या संगणकापर्यंत जे आलंच नाही ते तिने उडवण्याचा प्रश्नच नव्हता. एवढं मी शेठना तिथल्या तिथे सांगितलं आणि ती ओळ दाखवली.

"मग गेले कुठं?" हा प्रश्न उरलाच. हाच मेल अजून कुठे लावला आहे का, असं विचारलं तर सगळे नाही म्हणाले. बऱ्याच वेळाने कोणाला तरी आठवलं की पॅकहाउसवर एक लॅपटॉप आहे, आदल्या हंगामात पॅकिंग लिस्ट पाठवायला कोणीतरी त्यात मेल बसवून दिला होता. आम्ही तासगावला गेलो. सुपरवायझर बिचारा त्यावर फक्त एक्सेलमध्ये पेट्यांचे आकडे भरायचा. मेल त्याने कधी उघडलेलाच नव्हता. पण विंडोज सुरू झालं की थंडरबर्डही मागोमाग सुरू होईल अशी सोय कोणीतरी करून ठेवली होती. तिथेही लॉग लावला आणि त्याला सांगितलं, रोजच्यासारखंच काम कर.

दुसऱ्या दिवशीच्या लॉगमधल्या त्या ओळी मला अजून पाठ आहेत. ०१:१२, म्हणजे आपल्याकडे सकाळचे ६ वाजून ४२ मिनिटं. सर्व्हर म्हणतो, ओके, तीन मेल आहेत. लॅपटॉप म्हणतो: 'रेट्र' एक, 'रेट्र' दोन, 'रेट्र' तीन. उतरवून घेतले. लगेच खाली: 'डेले' एक, 'डेले' दोन, 'डेले' तीन. मग 'क्विट'. सर्व्हरवरून पुसून टाकले आणि निघून गेला. ऑफिस उघडायला अजून तीन तास होते.

त्या लॅपटॉपच्या इनबॉक्समध्ये सगळे हरवलेले मेल न वाचलेल्या अवस्थेत होते. लेबलचा मेलही होता. पीओपीची मूळ रचनाच अशी आहे. १९९६ च्या आरएफसी १९३९ मध्ये तिचे नियम आहेत आणि त्यामागे कल्पना एका पेटीला एक संगणक अशी आहे: मेल उतरवायचा आणि सर्व्हर मोकळा करायचा. दोन संगणकांवर तीच पेटी लावली आणि सर्व्हरवर प्रत ठेवायची खूण केली नाही, तर जो आधी उठतो तो सगळं घेऊन जातो. पॅकहाउस रोज ऑफिसच्या आधी उघडत होतं, म्हणून रात्रीचे मेल जायचे आणि दिवसाचे राहायचे. 'काही येतात, काही येत नाहीत' याचा अर्थ एवढाच होता.

शेठनी त्या ओळी स्वतः वाचल्या. वेळ दोनदा विचारून घेतली. सांगलीला परतल्यावर सगळ्या ऑफिससमोर त्यांनी तिला सांगितलं, "तुझा काही संबंध नव्हता बाई. माझंच चुकलं." असं म्हणायला मोठं मन लागतं आणि ते त्यांनी दाखवलं. पण त्या दिवशी मी कोणाची बाजू मांडलेली नव्हती. माझ्या शब्दाला तिथे किंमत किती असणार होती? जे काम झालं ते त्या नोंदीने केलं. आपल्याकडच्या लहान ऑफिसांत मेल हरवला, फाइल उडाली की पहिला आळ सगळ्यात कमी पगाराच्या माणसावर, बऱ्याचदा मुलीवर येतो. तिच्याकडे पुरावा नसतो आणि मागायची हिंमतही नसते. तंत्रज्ञ म्हणून तिथे जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवलंच पाहिजे. "कदाचित चुकून डिलीट झाला असेल" हे आपलं एक सैल वाक्य कोणाची तरी नोकरी घालवू शकतं.

त्यानंतर तिथल्या सगळ्या संगणकांवर आयमॅप लावला, म्हणजे मेल सर्व्हरवरच राहतो आणि सगळ्यांना एकच दिसतो. सांगलीत या बदलाला आणखी एक कारण होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. पेठेतल्या, नदीकाठच्या दुकानांतले संगणक टेबलासकट पाण्यात गेले. वह्या जशा भिजल्या तसा पीओपीने उतरवलेला मेलही गेला, कारण तो तेवढ्याच डिस्कवर होता. डिस्क वाळवून, सोडवून काहींचा परत मिळवता आला, पुष्कळांचा नाही. ज्यांचा मेल आयमॅपवर होता त्यांनी पाणी ओसरल्यावर दुसरा संगणक आणला, पासवर्ड टाकला आणि सगळं जिथल्या तिथे दिसलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला तेव्हा माझ्या ग्राहकांपैकी बहुतेकांनी निदान मेलची चिंता केली नाही.

३० मे २०२२ हा दिवसही आमच्या धंद्यातल्या लोकांच्या लक्षात आहे. गूगलने त्या दिवसापासून नुसत्या नाव आणि पासवर्डवर बाहेरच्या सॉफ्टवेअरला आत घेणं थांबवायला सुरुवात केली. सगळीकडून एकच तक्रार: सारखा पासवर्ड मागतोय. लोक पासवर्ड बदलत सुटले, त्यात फोनवरचा मेलही बंद पाडून बसले. लॉगमध्ये दोन वेगळी उत्तरं दिसायची. ५३५ असेल तर नाव-पासवर्ड मान्य नाही. ५३४ आणि पुढे अॅपसाठी वेगळा पासवर्ड हवा असं वाक्य असेल, तर पासवर्ड बरोबर आहे, तो चालणार नाही एवढंच. पहिल्याला पासवर्ड तपासायचा, दुसऱ्याला अॅप पासवर्ड काढून द्यायचा किंवा ओऑथची पद्धत लावायची. हे कळल्यावर काम मिनिटांचं होतं.

घड्याळाचं थोडक्यात. जुन्या डेस्कटॉपमधली बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि सर्व्हरचं प्रमाणपत्र त्या तारखेला अस्तित्वातच नसतं, म्हणून संपर्क नाकारला जातो. लॉगच्या पहिल्या ओळीतली तारीख बघितली तरी कळतं. बॅटरी बदलायची, वेळ लावायची, झालं.

लॉग वाचताना एका गोष्टीने आपली मुलं दचकतात. मेलचा विषय मराठीत लिहिला असेल तर लॉगमध्ये तो रोमन अक्षरांची खिचडी होऊन येतो. व्हायरस आला वाटतं, असं मला एकाने विचारलं होतं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या एकेका अक्षराला तीन बाइट लागतात आणि बेस-६४ मध्ये दर तीन बाइटांची चार अक्षरं होतात. 'हळद' या तीन अक्षरांचे नऊ बाइट आणि नवाची बारा अक्षरं. त्यात बिघाड काही नाही. अटॅचमेंटचंही असंच होतं, म्हणून आठ एमबीची फाइल वाटेत अकराच्या घरात जाते आणि दहाची मर्यादा असलेला सर्व्हर ५५२ म्हणून परत पाठवतो. "फाइल तर आठचीच आहे की ओ," असं म्हणणाऱ्याला हा हिशेब कागदावर करून दाखवावा, पटतो.

आता एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. लॉग म्हणजे लोकांचा पत्रव्यवहार. त्यात कोण कोणाला लिहितो ते असतं, विषय असतात, आणि पातळी ५ वर ठेवली तर पत्रच्या पत्र असतं. हळदीचा दर, द्राक्षाच्या कंटेनरची किंमत, सीएकडे गेलेली कागदपत्रं, सगळं त्यात येऊ शकतं. थंडरबर्ड पासवर्डची ओळ झाकतं, पण प्रत्येक सॉफ्टवेअर तसं करेलच असं धरून चालू नये, आणि बेस-६४ मधला पासवर्ड म्हणजे उघडाच पासवर्ड. अशी सगळीच्या सगळी फाइल "कोणाला काही कळतंय का" म्हणून व्हॉट्सअॅपच्या गटात टाकलेली मी बघितली आहे. एका व्यापाऱ्याचे दर दुसऱ्याच्या हातात जायला तेवढं पुरतं. कोणाला विचारायचंच असेल तर अडलेल्या दहा-वीस ओळी काढाव्यात, त्यांतली नावं आणि पत्ते खोडावेत आणि मग पाठवाव्यात.

कराड, कोरेगाव, विटा, मिरज इथे हे काम नव्याने करू लागलेल्या मुलामुलींना माझी विनंती आहे. फॉरमॅटची पेनड्राइव्ह खिशातच राहू द्या. आधी लॉग लावा, अडलेला मेल तुमच्यासमोर पुन्हा पाठवायला सांगा आणि सर्व्हरने शेवटचा आकडा कोणता दिला ते वाचा. ग्राहकालाही ती ओळ दाखवा, त्याला कळते. काम झालं की नेहमीच्या चिन्हावरून मेल उघडून द्या, लॉग बंद झाला आहे याची खात्री करा, आणि लॉगची फाइल त्याच्या समोर पुसा.